भरल्याशिवाय न फिरणारी चक्री

मी एक जुनी चक्री आहे. मित्रांनो, नाव ऐकून मला खेळणे समजू नका. मी रक्त फिरवणारी चक्री आहे. कागदोपत्री माझे नाव सेंट्रिफ्यूज असे भारदस्त आहे, पण ज्या प्रयोगशाळेत माझे आयुष्य गेले तिथे त्या नावाने मला कुणी हाक मारली नाही. माझे काम आता संपले आहे. बोलायला वेळच वेळ आहे, आणि जे बोलायचे आहे ते गोष्ट साखरेची असूनही मुळीच गोड नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कानात कापसाचे बोळे घातलेला एक कारागीर दिवस दिवस माझ्यावर तळवा ठेवून उभा असे. मी फिरू लागले की माझा थरथराट त्याच्या हाताला कळे, आणि जिथे जरासा हेलकावा जाणवेल तिथे तो कानशीने धातू घासून काढी. माझ्या पोटात एक जाड तबकडी आहे. तिच्या कडेला गोलाकार चोवीस घरे आहेत आणि एकेका घरात काचेची एकेक नळी बसते. समोरासमोरच्या नळ्यांचे वजन सारखे असावे लागते, नाहीतर मी थडथडू लागते. बरोबरी राखणे हा माझा धर्मच म्हणा ना. त्याचा मला गर्व होता.

माझे काम सांगायला सोपे आहे. नळीतले रक्त मी इतक्या वेगाने फिरवते की त्यातले जड ते तळाशी जाते आणि वर फिकट पिवळे पाणी उरते. त्याला सीरम म्हणतात. रक्तात साखर किती, चरबी किती, हे त्या पिवळ्या पाण्यातून मोजतात. मोजणारी यंत्रे वेगळी, मानाची. त्यांना स्वतंत्र खोली, पडदे, गालिचा. मी आपली धुण्याच्या बेसिनशेजारी, ओट्याच्या टोकाला. पण माझ्यावाचून त्यांचे पान हलत नसे, हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही.

मला सांभाळणारे गृहस्थ म्हणजे मामा. ते कुणाचे सख्खे मामा होते हे मला कधी कळले नाही. प्रयोगशाळेतल्या साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढणे, नळ्यांवर क्रमांक चिकटवणे आणि मला चालवणे ही त्यांची नोकरी. हात इतका हलका की सुई टोचून झाली तरी माणूस विचारी, "कधी टोचताय?"

मी नवीन असताना कुणा शिकाऊ डॉक्टरांनी एका बाजूला भरलेल्या आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्या नळ्या घालून मला सुरू केले. मी थडथडत ओट्याच्या कडेपर्यंत आले. मोटर जळली, आतले कार्बनचे ब्रश, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे आणि फिरताना झिजणारे तुकडे, मोडले. नवे सुटे भाग दूरच्या शहरातून यायचे होते, ते यायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत लहान मुलांच्या रक्तक्षयावर चाललेले एक चांगले काम बंद पडले ते पुन्हा उभे राहिलेच नाही. मामांनी ते फार मनाला लावून घेतले. मी दुरुस्त होऊन परत आले त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. माझ्या वरच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला: 'चोवीस घरे भरल्याशिवाय चक्री चालवू नये.' कमी फेऱ्या म्हणजे ब्रशची झीज कमी, झीज कमी म्हणजे यंत्र जास्त वर्षे, असा त्यांचा सरळ हिशोब होता. ते मला रोज ओल्या फडक्याने पुसत, मग कोरड्या. आठवड्याला तेलाचा थेंब देत. एवढी काळजी माझी कुणी घेतली नव्हती, आणि खोटे कशाला सांगू, ती मला आवडत असे.

पुढे मोठ्या सरांनी साखरेचे काम हाती घेतले. मोठे सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस काटेकोर आणि सरळ. शहराच्या एका टोकाला गोड पेयाच्या बाटल्या भरण्याचा कारखाना होता. तिथल्या कामगारांना दिवसभर हव्या तेवढ्या बाटल्या फुकट पिता येत. काहीजण दिवसाला आठ-दहा बाटल्या रिचवत. आमच्याच रस्त्यावर कागदाची गिरणी होती, तिथे प्यायला फक्त नळाचे पाणी. सरांना प्रश्न पडला: इतकी साखर वर्षानुवर्षे पोटात गेली तर माणसाचे काय होते? त्यांनी दोन्हीकडचे एकशेवीस एकशेवीस लोक निवडले. दर सहा महिन्यांनी त्यांचे उपाशीपोटी रक्त घ्यायचे आणि साखर मोजायची, असे सहा वर्षे चालायचे होते. प्रश्न चांगला होता. आजही तो प्रश्न विचारणाऱ्यांचा मला आदर वाटतो.

सरांनी दोन नियम घालून दिले. पहिला, रक्त बर्फाच्या डब्यातून आणायचे आणि आल्याबरोबर यंत्रात घालायचे, वेळ वहीत लिहायची. दुसरा, दोन्ही गटांचे रक्त एकाच फेरीत फिरले पाहिजे.

"उद्या कुणी म्हणायला नको की एकाला जास्त फिरवलं आणि दुसऱ्याला कमी," सर म्हणाले. "बारा तिकडचे, बारा इकडचे, एकत्र. समजलं ना, मामा?"

"चोवीस घरं भरतात सर. माझ्या चक्रीलाही तेच बरं," मामा खूश होऊन म्हणाले.

आता मित्रांनो, नीट लक्ष द्या, कारण सगळा घात इथेच झाला. बाटलीच्या कारखान्याची पाळी सकाळी सहाला सुरू होई. मामा तिथल्या फाटकाशी बारा जणांचे रक्त घेत आणि पावणेसातच्या आत प्रयोगशाळेत पोचत. नळ्या ओट्यावर ठेवल्या तर सांडतील, क्रमांक बदलतील, म्हणून ते आल्या आल्या त्या बर्फातून काढून माझ्या घरांत बसवत, झाकण लावत आणि वहीत लिहीत: 'यंत्रात ठेवले, सहा चाळीस.' कागदाची गिरणी मात्र नऊला उघडे. तिथले रक्त सव्वानऊला येई. उरलेली बारा घरे भरत आणि पावणेदहाला मामा माझे बटण दाबत. म्हणजे गिरणीचे रक्त माझ्या पोटात अर्धा तास थांबे आणि कारखान्याचे तीन तास. वहीत मी फिरायला लागल्याची वेळ लिहायला रकानाच नव्हता. वर आपल्या खोलीत बसून सर वही वाचत, 'सहा चाळीस' बघत आणि समाधानाने मान हलवत.

रक्त नळीत गेले म्हणून मरत नाही. त्यातल्या तांबड्या पेशी जिवंत असतात, आणि जिवंत म्हटले की भूक आली. त्या आजूबाजूची साखर खात राहतात. बर्फात ठेवल्या तर त्यांची भूक मंदावते, उबेत ठेवल्या तर त्या ताव मारतात. मी फिरवून त्यांना तळाशी दाबले की वरचे पाणी त्यांच्या तावडीतून सुटते. तोवर नाही. शेजारीच पाणी तापवण्याची टाकी असल्यामुळे माझी जागा उबदार होती. त्या तीन तासांत कारखान्याच्या बारा नळ्यांतल्या साखरेचे शंभरातले पंधरा-वीस भाग नाहीसे होत. मी बारा नळ्या अगदी सुखाने फिरवल्या असत्या. सहा समोर सहा, बरोबरी झाली की मला काय त्रास. पण मला सुरू करायला माणसाचे बोट लागते.

त्या बारांतली सातवी नळी मामींची होती.

मामी म्हणजे मामांची बायको. ती बाटलीच्या कारखान्यात तपासणीवर होती. तिच्यासमोर दिव्याने उजळलेली पांढरी काच असे आणि त्या काचेपुढून भरलेल्या बाटल्या सरकत जात. आत केस, काडी, माशी दिसली की ती बाटली बाजूला काढायची. या कामाला डोळा लागतो. मामींच्या नजरेतून चिलटसुद्धा सुटत नाही, अशी कारखान्यात तिची ख्याती होती, आणि तिला स्वतःलाही डोळ्यांचे मोठे कौतुक. घरी सुईत दोरा ओवायला सगळी आळी तिच्याकडे येई. मला हे ठाऊक कारण दुपारी पाळी संपली की ती मामांना घ्यायला येई. रक्ताच्या खोलीत बाहेरच्या माणसाला येऊ देत नसत, म्हणून ती व्हरांड्यातल्या बाकावर बसे आणि माझ्या डोक्यावरच्या खिडकीतून दोघे बोलत. तिने मला कधी पाहिले नाही. मी तिचा आवाज आणि तिचे रक्त एवढेच ओळखत होते.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी ती म्हणाली, "अहो, हल्ली तहान फार लागते."

"उकाडा काय कमी आहे? आणि बाटल्या फुकट म्हटल्यावर तहान लागणारच."

"पायाला ठेच लागलेली, दीड महिना झाला तरी भरत नाहीये."

"चपला बदल म्हणून कधीचा सांगतोय. साखर वगैरे मनात आणू नकोस. एकशे बावीस आली तुझी परवा. माझ्या हातानं घेतलेलं रक्त, माझ्या हातानं फिरवलेलं. बाहेरचा डॉक्टर याहून जास्त काय सांगणार?"

त्या काळी उपाशीपोटी एकशे चाळीसच्या वर गेले की रोग म्हणत. मामी हसली. पिशवीतून तिने एक बाटली काढली आणि झाकण उडवले.

"तुम्ही म्हणता म्हणजे ठीकच असेल. साखरेचं खाणार त्याला देव देणार."

झाकण फरशीवर पडल्याचा आवाज मला ऐकू आला. मला ओरडावेसे वाटले. पण यंत्राला आवाज असतो तो फिरताना, आणि तेव्हाही त्यातून शब्द निघत नाहीत.

चौथ्या वर्षी, काम चालू असतानाच, तोवरच्या आकड्यांवरचा सरांचा अहवाल छापून आला. दोन्ही गटांच्या रक्तातल्या साखरेत फरक नाही, असा निष्कर्ष होता. लोकांनी सरांचे अभिनंदन केले. मित्रांनो, सर विकले गेलेले नव्हते. कारखान्याची एक बाटलीसुद्धा त्यांनी कधी घरी नेली नाही. विकला गेलेला माणूस निदान ओळखता तरी येतो. इथे सगळे प्रामाणिक होते, आणि सगळ्यांच्या प्रामाणिकपणातून एक धडधडीत खोटे बाहेर पडले. कारखान्याने आपल्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगवले: 'शास्त्रज्ञांनी तपासले, निर्धोक ठरले.' वर्षभरात त्या बाटल्या शाळांच्या उपाहारगृहांत ठेवायला परवानगी मिळाली. तुमच्यासारखीच मुले मधल्या सुट्टीत त्या पिऊ लागली.

सहाव्या वर्षी प्रयोगशाळेत नव्या मॅडम आल्या. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या, कमी बोलणाऱ्या, चष्मा सतत पदराला पुसणाऱ्या. आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात मामा तापाने पडले. कारखान्याचे बारा नमुने दुसऱ्या माणसाने आणून दिले. भिंतीवरचा कागद मॅडमनी वाचला नाही, किंवा वाचून सोडून दिला. थोडा वेळ रक्त गोठू देऊन त्यांनी बारा नळ्या समोरासमोर लावल्या आणि सव्वासातच्या आत माझे बटण दाबले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या लोकांचे रक्त वेळेवर फिरले. मी इतकी हलकी कधीच फिरले नव्हते.

बारांपैकी पाच जणांची साखर रेषेच्या वर गेली. सातव्या नळीची एकशे चौसष्ट आली.

सरांनी कागद पाहून चष्मा काढला. "सहा वर्षांत असं कधी झालेलं नाही."

"मीही तेच म्हणतेय सर. मग आजच काय वेगळं झालं?"

"तुम्ही नव्या आहात, एवढंच वेगळं आहे," सर म्हणाले. वाईट बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण ते शब्द लागायचे तिथे लागले. त्याच बारा जणांचे रक्त पुन्हा घ्या, नेहमीच्या पद्धतीने, असा हुकूम निघाला.

मामा दोन दिवसांनी कामावर आले. मॅडमनी त्यांना आकड्यांचा कागद दाखवायला पुढे केला. मामांनी तो ओट्यावर ठेवला आणि आधी माझे मागचे झाकण उघडून ब्रश तपासले.

"अर्धी चक्री चालवलीत?" ते म्हणाले. "तो कागद दिसला नाही का? अशानं ही वर्षभरात बंद पडेल. मग बसा हातावर हात ठेवून."

"मामा, सात नंबरचा आकडा बघा."

"बघायचं काय त्यात. पद्धत चुकली की आकडे चुकणारच."

नेहमीच्या पद्धतीने पुन्हा रक्त आले. तीन तास माझ्या पोटात थांबले. सातव्या नळीची साखर एकशे सदतीस आली, रेषेच्या तीन अंक खाली. सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मॅडमना लेखी समज मिळाली आणि रक्ताच्या कामावरून काढून नळ्या धुण्याच्या देखरेखीवर बसवले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. त्या दुपारी मामा खिडकीतून मामींना म्हणाले, "मध्ये जरा गोंधळ झाला होता, पण तू ठीक आहेस. मी स्वतः फिरवलं."

"बरं झालं," मामी म्हणाली. "पण अहो, डोळ्यांपुढे काळे धागे तरंगतात. काजळाचे असावेत तसे. काल माझ्यासमोरून माशी असलेली बाटली गेली आणि मला दिसलीच नाही. मुकादम चार लोकांत बोलला."

"वय झालं आता. चष्मा करू पुढच्या महिन्यात."

रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढलेली राहिली की डोळ्याच्या आतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या कमकुवत होतात, फुटतात. दुखत नाही, म्हणून कळत नाही. धागे दिसू लागले म्हणजे आत रक्त सांडलेले असते. मामा आयुष्यभर रक्तात हात घालून होते, पण डोळ्याचे हे त्यांना माहीत नव्हते. काखेत कळसा अन् गावाला वळसा हे निदान वळसा घालणाऱ्याला तरी लागू पडते. मामा तर कुठे शोधायलाच गेले नाहीत. मोजलेला आकडा त्यांच्या हाती होता ना.

असे पाच आठवडे गेले. त्यांतला एकेक दिवस मला आज मोजता येतो.

मग एके सकाळी साडेसहाच्या सुमारास मॅडम धुतलेल्या नळ्यांचा ट्रे घेऊन आत आल्या. खोलीत मामा एकटेच होते. मॅडमनी ट्रे ठेवला आणि स्टुलावर बसून बाही वर केली.

"मामा, माझं रक्त काढा. दोन नळ्या."

"कशाला?"

"काढा तर. चूक निघाली तर पुन्हा या खोलीत पाऊल टाकणार नाही."

मामांनी काढले. अर्ध्या तासाने मॅडमनी एक नळी माझ्या पहिल्या घरात ठेवली आणि समोरच्या घरात तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी. मामांचा हात आपोआप आडवा आला, मग खाली गेला. मी दोनच नळ्या घेऊन फिरले, अगदी गुपचूप. दुसरी नळी त्यांनी सातव्या घरात ठेवली, झाकण लावले आणि म्हणाल्या, "आता पावणेदहाची वाट बघू. रोज बघता तशी."

"ही तशीच ठेवायची?"

"तुम्ही रोज ठेवता तशीच."

मामा माझ्याजवळ उभे राहिले आणि फडक्याने ओटा पुसत राहिले, जो आधीच पुसलेला होता. मला वाटते, तेव्हाच त्यांना कळायला लागले होते. सगळे झाल्यावर मॅडमनी दोन आकडे कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवले. एकाच दंडातले, एकाच वेळचे रक्त. लगेच फिरवलेले नव्वद. थांबवलेले बहात्तर.

"कुठे गेली अठरा?" मामांनी विचारले.

"रक्तानंच खाल्ली. तुमच्या चक्रीत बसून."

मामांनी कागद उचलून दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी सातव्याची किती आली होती?"

"एकशे चौसष्ट."

"आणि आधीची सहा वर्षं?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, मामा."

मामा फडके हातात तसेच धरून बाहेर गेले. कारखान्यापर्यंत ते धावत गेले, असे नंतर झाडूवाली सांगत होती. पन्नाशी उलटलेला माणूस, भर रस्त्यात.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामींचे डोळे पाहून पहिला प्रश्न विचारला, "इतकी वर्षं कुठं होतात?" उजवा गेल्यात जमा होता. डावा वाचवायचा प्रयत्न करू, म्हणाले. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर दोन्ही राहिले असते, असेही म्हणाले. डॉक्टर लोक हे वाक्य का उच्चारतात, मला कळत नाही.

सरांकडे बैठक झाली. सर खचले होते, तरी कागद पेन्सिल घेऊन बसले. जेवढी साखर नळीत खाल्ली गेली तेवढी परत मिळवून हिशोब लावता येईल का, असे त्यांनी विचारले. मॅडम म्हणाल्या, "नाही सर. चक्री कधी सुरू झाली ते लिहिलेलंच नाही. कधी अडीच तास, कधी साडेतीन. खोली कधी गार, कधी गरम." सरांनी वही उघडली. पानामागून पान 'सहा चाळीस', 'सहा पस्तीस', 'सहा पंचेचाळीस', मामांच्या सुबक अक्षरात. तो रकाना आपण स्वतः आखला होता, हे सरांना आठवले असावे, कारण त्यांनी वही मिटली ती पुन्हा उघडली नाही.

"मग बाटल्यांमुळेच झालं का हे सगळं?" मामांनी विचारले. "हिच्या डोळ्यांचं?"

"तेच शोधायला निघालो होतो, मामा," मॅडम म्हणाल्या. "एकटीच्या बाबतीत सांगता येत नाही. दोनशे चाळीस लोकांकडून कळलं असतं. ते आपणच पुसून टाकलं."

सरांनी अहवाल मागे घेतला. हे त्यांनी लगेच केले, कुणाची वाट न बघता, आणि त्याबद्दल मी त्यांना मानते. ज्या मासिकात अहवाल आठ पानांत आला होता त्यात माघारीचे पत्र चार ओळींत आले. कारखान्याच्या भिंतीवरची अक्षरे पुढची तीन वर्षे तशीच होती, फक्त पावसाने थोडी फिकी झाली. बाटल्या शाळांत तशाच विकल्या जात राहिल्या. त्या पाचांपैकी उरलेल्या चार जणांना मामांनी स्वतः घरी जाऊन सांगितले. एकाच्या दारावरून त्यांना हाकलून दिले.

मामांनी नोकरी सोडली त्या दिवशी ते मामींना घेऊन आले. मामींचा हात त्यांच्या खांद्यावर होता. तोवर डावा डोळाही मंदावला होता. सर आपल्या खोलीतून खाली उतरून आले.

"मामी, चूक माझी आहे," ते म्हणाले.

"सर, ते बोलणं नंतर. आधी मला ते मशीन दाखवा."

मनाई होती, पण कुणी अडवले नाही. मामांनी तिचा हात धरून माझ्या झाकणावर ठेवला. तिची बोटे गार होती. ती माझ्या कडेवरून फिरली, बटणाला लागली, मागच्या झाकणापर्यंत जाऊन परत आली. तिने झाकण उघडले आणि तबकडीवरची घरे एकेक करून चाचपली.

"एवढीशीच?" ती म्हणाली. "मला वाटायचं, केवढी तरी असेल. रोज घरी येऊन सांगायचात, आज पुसली, आज तेल दिलं." मग म्हणाली, "हिला जपत होतात होय."

"हो," मामा म्हणाले.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. तिने हात काढून घेतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "झाकण लावा. आत धूळ जाईल."

मामांनी झाकण लावले. त्यानंतर ती दोघे मला पुन्हा भेटली नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी वस्तू आपली कहाणी सांगू लागली की शेवटी 'आम्हाला जपा' असे म्हणते. तुम्ही असे निबंध वाचलेही असतील. माझे मागणे उलटे आहे. मला जपू नका. माझ्यासारख्यांना झिजू द्या, मोडू द्या, एका नळीसाठी दहा वेळा फिरवा. नियम दोघांना सारखा असला म्हणून दोघांना न्याय मिळतोच असे नाही, आधी कोण किती वेळ थांबले आहे ते बघा. उद्या तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन रक्त तपासाल, वही आखाल, तर 'यंत्रात कधी ठेवले' एवढ्यावर थांबू नका, 'कधी फिरवले' तेही लिहा. आणि आकडा बरोबर असूनही समोरचे माणूस तहान लागते म्हणत असेल, तर आकडा खाली ठेवा आणि माणसाचे ऐका.

माझ्या मोटरचे ब्रश अजून निम्मेही झिजलेले नाहीत. मामींना मात्र पेल्यात पाणी कुठवर आले, ते आता बोट बुडवून पाहावे लागते, असे ऐकते.